नंबर लावलेली गाडी

नव्या वाहनासाठी आगाऊ पैसे भरून यादीत नाव घालणे, याला पुणे जिल्ह्यात 'नंबर लावणे' म्हणत. 'नंबर लावलाय' आणि 'नंबर लागला' या दोन वाक्यांमध्ये कित्येक वर्षे जात. साठ ते पंच्याऐंशी सालांदरम्यान ज्यांनी घर उभे केले, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलगी शाळेत असतानाच तिच्या लग्नासाठी स्कूटरचा नंबर लावून ठेवणारी कुटुंबे होती. वाट पाहण्याची सवय मराठी मुलखाला जुनीच. नवे होते ते एवढेच, की वाट का पाहावी लागते आहे हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

या इतिहासाचे बरेच धागे इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांतून जातात. इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा जिथे मिळतात तिथे, नरसिंहपूर आहे. दोन्ही नद्यांच्या पलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. इथला लक्ष्मी-नृसिंह अनेक घराण्यांचे कुलदैवत असल्याने लांबलांबची माणसे येथे येत राहिली; गावकऱ्यांना मात्र बाजार, दवाखाना, कचेरी या प्रत्येक कामासाठी दूर जावे लागे. अशा टोकाच्या गावात वाहन ही चैन नसते. ते नसेल तर एसटीच्या वेळेवर दिवस बेतावा लागतो.

मोटारीच्या आधी येथे मागणीनुसार घडवले जाणारे वाहन म्हणजे बैलगाडी. १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती आणि इंदापूरच्या शिवारात आले, उसाची लागवड वाढली आणि गुळाच्या ढेपा बारामतीच्या बाजारात नेण्यासाठी गाड्यांची गरजही वाढली. गाडी तयार विकत मिळत नसे. शेतकरी बांधावरची बाभूळ तोडून सुताराच्या दारात आणून टाकी. लाकूड ओले असले तर ते वाळेपर्यंत थांबणे भाग होते, कारण ओल्या लाकडाचे चाक पहिल्याच उन्हाळ्यात खिळखिळे होते. मग तुंबा कोरायचा, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पाटे बसवायचे. शेवटी लोहाराचे काम: लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. थंड होताना धाव आवळते आणि सगळे चाक एकजीव होते. धाव चढवण्याला अनेक हात लागत, म्हणून लोहार दोन-चार गाड्यांची चाके जमेपर्यंत थांबे.

उशीर येथेही होत असे, आणि भांडणेही होत. पेरणीच्या तोंडावर सुताराकडे साऱ्या गावाचे नांगर आणि पाभरी दुरुस्तीला येत. ते बलुत्याचे काम. नव्या गाडीची मजुरी वेगळी ठरे आणि तिचे काम मागे पडे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीची ही सारी व्यवस्था तपशिलाने मांडली आहे. तरीही गाडीच्या उशिरात एक गोष्ट पक्की होती. तिचे कारण मालकाच्या डोळ्यांसमोर असे. लाकूड वाळले की नाही हे त्याला हाताने पाहता येई, आणि आपल्या पुढे कोणाचे काम आहे हे अख्ख्या गावाला माहीत असे. येथून पुढच्या शंभर वर्षांत वाहन सुधारत गेले, वेगवान झाले. उशिराचे कारण मात्र ग्राहकापासून दूर सरकत गेले.

मोटारीचे युग या भागाशी एका माणसामुळे जोडले गेले. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळच्या माळावर शेती विकसित केली, १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. याच माणसाच्या मनात हिंदुस्थानात मोटार बनवण्याचे होते. तेव्हा या देशात मोटारी बनत नसत, फक्त जोडल्या जात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत जोडणीचा कारखाना घातला होता आणि पुढे फोर्डही आली. सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून येत. स्वदेशी मोटारीची योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी तयार केली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने भांडवलावरील व्याजाची हमी देण्याची तयारी दाखवली. पण १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ती हमी हवेतच राहिली.

वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लर कंपनीशी १९४० साली करार झाला. आता अडचण दिल्लीत होती. महायुद्धाच्या काळात यंत्रसामग्री आणायची तर सरकारी परवानगी आणि परकीय चलन दोन्ही हवे होते, आणि मोटार कारखाना हा युद्धोपयोगी उद्योग आहे हे मानायला सरकार तयार होईना. त्याच वालचंदांच्या विमान कारखान्याला १९४० मध्ये बंगळुरात मंजुरी मिळाली, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला, पण मोटार अडून राहिली. ज्या युद्धात सैन्याला मालमोटारींची एवढी गरज होती, त्याच युद्धाचे नाव पुढे करून मालमोटारींचा कारखाना अडवला गेला, हे सरकारी कारण पटण्यासारखे नव्हते. हिंदुस्थानचा बाजार ब्रिटिश आणि अमेरिकी कंपन्यांसाठी राखण्याचा तो प्रकार होता, असे तेव्हाच्या राष्ट्रीय वृत्तीच्या उद्योजकांचे मत होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी अखेर १९४४ साली स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने १९४७ मध्ये बाहेर पडू लागली. म्हणजे गाडी मिळण्याची वाट लोकांनी पाहिली त्याआधी गाडी बनवू देण्याची वाट बनवणाऱ्यालाच पाहावी लागली होती.

स्वातंत्र्यानंतर परवानगीची ही पद्धत मोडली नाही; तिला कायद्याचे रूप आले. उद्योग (विकास व विनियमन) कायदा १९५१ साली झाला आणि १९५२ पासून अमलात आला. कोणत्या कारखान्याने काय बनवायचे, किती बनवायचे, हे परवान्यात लिहिलेले असे. परवान्यातील आकड्यापेक्षा जास्त उत्पादन करणे हा गुन्हा ठरू शकत असे. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली की, ज्यांच्यापाशी देशातच भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना मोटार उद्योगात ठेवावे. नुसती जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड लवकरच निघून गेल्या. ग्राहकापुढे मुख्यतः तीनच मोटारी उरल्या: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. यामागे परकीय चलन वाचवण्याचा आणि भाग बनवणारा देशी उद्योग उभा करण्याचा हेतू होता, आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातले सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने त्याच धोरणाच्या सावलीत वाढले. त्याची किंमत मात्र रांगेतल्या माणसाने मोजली.

मागणी जास्त आणि माल कमी, तेव्हा काळा बाजार होणारच. तो रोखण्यासाठी केंद्र सरकारने मोटारींसाठी १९५९ मध्ये आणि स्कूटरसाठी १९६० मध्ये वितरण व विक्री नियंत्रण आदेश काढले. त्यातून 'नंबर लावणे' ही पद्धत पक्की झाली. ग्राहकाने विक्रेत्याकडे नाव नोंदवायचे, ठरलेली अनामत पोस्टाच्या बचत खात्यात ठेवायची आणि ते खाते तारण म्हणून बांधून द्यायचे. नोंदणीच्या क्रमाने गाडी मिळणार, असे कागदोपत्री ठरले होते. पण आलेल्या गाड्यांतला काही हिस्सा आधीच सरकारी कोट्यात जाई: सरकारी खाती, लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि ज्यांची निकड अधिकाऱ्यांना पटली असे इतर. परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांना स्कूटर रांगेबाहेर लवकर मिळे. आखातात नोकरीला गेलेल्या भावाने धाडलेल्या चलनावर कितीतरी घरांत स्कूटर आली. नवी गाडी ठरावीक मुदतीच्या आत परवानगीशिवाय विकता येत नसे. तरीही नंबर लागलेली गाडी हातोहात जाई, आणि मूळ किमतीवर जी वरकड रक्कम मोजावी लागे तिला बाजारात 'ऑन' म्हणत.

रांग सर्वांत लांब होती ती स्कूटरची. ती जिथे बनत होती ते ठिकाण पुणे जिल्ह्यातच होते, ही या इतिहासातली सर्वांत बोचरी बाब. १९४५ साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून स्कूटर आणि तीनचाकी आयात केल्या, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला, आणि इटलीतील पियाजिओ कंपनीशी झालेल्या करारानुसार बजाज ऑटो वेस्पा स्कूटर बनवू लागली. १९७१ मध्ये त्या कराराची मुदत संपली. १९७२ पासून तीच स्कूटर 'चेतक' या नावाने आकुर्डीच्या कारखान्यातून निघू लागली. पत्र्याची भक्कम चौकट, मागे जादा चाक, पुढे पिशवी ठेवायला जागा. नवरा-बायको, दोन मुले आणि भाजी एका खेपेत नेणारे यापेक्षा सोयीचे वाहन मध्यमवर्गाला दुसरे नव्हते.

कंपनीला पहिली एक लाख वाहने बनवायला १९७० साल उजाडावे लागले. १९७७ मध्ये एवढीच वाहने तिने एका आर्थिक वर्षात विकली. उत्पादन असे वाढत असताना रांग आखडली नाही, कारण मागणी त्याहून वेगाने वाढत होती आणि वाढीची प्रत्येक पायरी दिल्लीच्या मंजुरीवर अवलंबून होती. १९६९ च्या मक्तेदारी कायद्यानंतर हे आणखी अवघड झाले. एखाद्या कंपनीचा बाजारात मोठा हिस्सा असेल तर तिला विस्तारासाठी औद्योगिक परवान्याबरोबर या कायद्याखालीही मंजुरी घ्यावी लागे. म्हणजे ज्याची स्कूटर लोकांना सर्वांत जास्त हवी होती, त्यालाच जास्त स्कूटर बनवणे सर्वांत कठीण झाले. १९६८ पासून कंपनीची सूत्रे सांभाळणारे राहुल बजाज या धोरणावर आयुष्यभर उघडपणे बोलत राहिले, आणि वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने होती.

मार्ग काढण्याचे प्रयत्न झाले. सरकारी महामंडळांना परवाने देऊन स्कूटर वाढवाव्यात असे धोरण ठरले. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर निघू लागली. केंद्र सरकारने इटलीतल्या लँब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन लखनौला स्कूटर्स इंडिया हा कारखाना घातला. त्याच्या 'विजय' स्कूटरसाठी मात्र चेतकइतकी रांग कधी लागली नाही. लोकांना नुसती स्कूटर नको होती, विशिष्ट स्कूटर हवी होती, आणि ही गोष्ट नियोजनाच्या तक्त्यात बसत नव्हती.

रांगेतल्या माणसाची चीड समजून घ्यायची तर माहितीचा प्रवास पाहावा लागतो. परवाना दिल्लीत, कारखाना आकुर्डीत, विक्रेता बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि ग्राहक नरसिंहपुरासारख्या गावात. चौकशीसाठी एसटीने पुण्याला जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी किंवा रजा. विक्रेता सांगणार, 'अजून नंबर आला नाही.' त्याला तरी याहून जास्त काय ठाऊक असणार? या महिन्यात किती गाड्या येतील हे त्याला कारखाना सांगे. पोलाद, टायर किंवा आयात भाग वेळेवर मिळतील की नाही यावर कारखान्याचे उत्पादन ठरे. आणि सरकारी कोट्यात किती गाड्या वळल्या हे नोंदणी करणाऱ्यापर्यंत येण्याची सोय नव्हती. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसापाशी कारणाचा एकेक तुकडा होता, पूर्ण कारण कोणापाशीच नव्हते. म्हणून एकाच वर्षी नंबर लावलेल्या दोघांपैकी एकाला गाडी आधी मिळाली की वशिल्याचा संशय येई. तो काही वेळा खरा असे आणि काही वेळा नसे. पण खरे-खोटे तपासण्याचा मार्ग नसल्यामुळे संशय हाच नियम झाला.

ज्यांना थांबणे शक्य नव्हते त्यांनी दुसरी वाहने घेतली. पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ मध्ये आणलेली लूना ही पन्नास सीसीची मोपेड शिक्षक, तलाठी, पोस्टमन यांच्या घरी पोचली. दूधवाल्यांनी दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून राजदूत मोटरसायकली पळवल्या. ट्रॅक्टरचीही रांग होती. हरितक्रांतीच्या वर्षांत मागणी एवढी वाढली की १९७१ मध्ये ट्रॅक्टरच्या वाटपासाठीही नियंत्रण आदेश निघाला, आणि पूर्व युरोपातून आयात केलेले झेटोर, बेलारूस यांसारखे ट्रॅक्टर राज्यांच्या कृषी-उद्योग महामंडळांमार्फत वाटले जात. उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर उशिरा मिळाला तर त्या हंगामाची नांगरट बैलांवरच करावी लागे.

मोटारींच्या किमतीही सरकारने १९६९ मध्ये ठरवून दिल्या. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७१ मध्ये दिला. किमतीचा वाद असा न्यायालयापर्यंत पोचला. उशिराचा वाद कोणी कोठे न्यावा, हे मात्र तोवर ठरलेले नव्हते. ग्राहक हा स्वतंत्र पक्ष आहे ही जाणीवच नवी होती. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. या चळवळीने देशभर जो रेटा लावला त्यातून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि जिल्हा पातळीवर तक्रार मंच निघाले.

रांग हलली ती १९८० च्या दशकात, आणि झपाट्याने हलली. मारुती उद्योगाने १९८३ मध्ये दहा हजार रुपये अनामत घेऊन नोंदणी सुरू केली तेव्हा काही आठवड्यांत लाखाहून अधिक लोकांनी नावे दिली. त्यांचा क्रम संगणकाने लावला गेला. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली. त्याच सुमारास कानपूरच्या एलएमएल कंपनीने पियाजिओशी करार करून वेस्पाची नोंदणी पाचशे रुपये अनामतीवर उघडली आणि देशभरातून नोंदणीचा लोट आला. आता जुन्या कंपन्यांनाही वाढू दिले गेले. १९८५ मध्ये मक्तेदारी कायद्याची मर्यादा वीस कोटींवरून शंभर कोटींवर नेली. दुचाकी बनवणाऱ्याला एकाच परवान्यावर स्कूटर, मोपेड, मोटरसायकल यांपैकी काहीही बनवण्याची मुभा मिळाली. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाजच्या दुसऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. १९८६ मध्ये कंपनीची वार्षिक विक्री पाच लाखांवर गेली. जपानी तंत्राच्या मोटरसायकली बाजारात आल्या. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द केला आणि १९९३ मध्ये मोटारीही त्यातून सुटल्या. विक्रेते आता रस्त्यावर मांडव टाकून कर्जावर गाडी देऊ लागले.

ज्या वेस्पासाठी रांगा लागल्या होत्या ती पुढे बारामतीलाच आली. पियाजिओने बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना घालून १९९९ पासून 'आपे' ही तीनचाकी बनवायला सुरुवात केली. वडाप, भाजीपाला, दुधाचे कॅन यांसाठी ती पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र दिसू लागली. एप्रिल २०१२ मध्ये त्याच वसाहतीत वेस्पा स्कूटरचा कारखाना सुरू झाला. गाड्यांच्या नोंदणीसाठी बारामतीला स्वतंत्र परिवहन कार्यालय आले आणि या भागातल्या पाट्यांवर 'एमएच ४२' दिसू लागले.

रांग संपली असे वाटत असतानाच ती परतली. करोनाच्या साथीनंतर सेमीकंडक्टर चिपचा जगभर तुटवडा पडला. ऑक्टोबर २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या गाडीची पहिली पंचवीस हजार नोंदणी ५७ मिनिटांत झाली. ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनची एक लाख नोंदणी अर्ध्या तासात झाली. काही प्रकारांसाठी वर्षाहून जास्त थांबावे लागले. एक्सयूव्ही ७०० बनत होती पुणे जिल्ह्यातल्या चाकणला, पण तिच्या चिप येत होत्या समुद्रापलीकडून. महागड्या प्रकारात चिप जास्त, म्हणून त्यांना उशीरही जास्त. मागून नोंदवलेल्या साध्या प्रकाराची गाडी आधी मिळाली तर त्यामागे वशिलाच असेल असे नाही. नोंदणी करताना प्रकार, इंधन, गिअर आणि रंग निवडताच ग्राहक एका वेगळ्या, छोट्या रांगेत उभा राहतो. ही एवढी साधी गोष्ट दुकानात आधीच समजावून सांगितली असती तर निम्मा संताप टळला असता.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीची व्याख्या करताना, ग्राहकाच्या कामाची माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे ही त्रुटीच आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. तक्रार आता ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते. त्यामुळे गाडी मुंबईहून घेतलेली असली तरी नरसिंहपूरच्या माणसाला तिच्या उशिराची दाद पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मागता येते.